नडगी दुखतेय आणि भरती तोंडावर आलीय, पळू की थांबू?

या वेळचं पत्र थोडक्यात असं आहे. मुलगी २२ वर्षांची, दिंडोरी तालुक्यातली, घरी द्राक्षबाग. बी.ए. झाल्यावर जूनमधे नाशिकच्या म्हसरूळला आत्याकडे राहायला आली आणि पोलीस भरतीसाठी अकॅडमी लावली. त्याआधी पळायची सवय अशी नव्हतीच. आता सकाळी दिंडोरी रोडने ८-१० किलोमीटर, संध्याकाळी ग्राउंड आणि रविवारी चामर लेणीच्या पायऱ्या. पाचव्या-सहाव्या आठवड्यात डाव्या पायाची नडगी दुखायला लागली. आधी पळून झाल्यावर दुखायची, मग पळताना, आता आत्याच्या घराचा जिना चढतानाही कळ येते आणि एका ठरावीक जागी बोट ठेवलं तरी सहन होत नाही. अकॅडमीचे सर म्हणतात नवीन पोरींना होतंच, बर्फ लाव, पट्टी बांध, पळत रहा, धावपटू कविता राऊत अनवाणी पळायची. गावी गेल्यावर आजीने हाडवैद्याकडे नेलं, त्यांनी तेल लावून जोरात चोळलं, त्यानंतर दोन दिवस धड चालता येईना. सध्या मैत्रिणीने मेडिकलमधून आणून दिलेली गोळी खाऊन पळणं चालू आहे. कोणीतरी फिजिओला दाखव म्हणालं, पण हिला वाटतं फिजिओ म्हणजे लकवा झालेल्यांसाठी नाहीतर मोठ्या प्लेअरसाठी, मशीनचा शेक देऊन पैसे घेणार आणि वर थांब म्हणणार. घरी काहीच सांगितलेलं नाही, वडील परत ये म्हणतील ही भीती. आणि पत्राच्या अगदी शेवटी कंसात एक ओळ, ती तिच्याच शब्दात देते: "दोन महिने पाळी पण आली नाहीये पण पळणाऱ्या मुलींचं असंच होतं म्हणतात." विचारलंय एवढंच, ताई, पळू की थांबू?

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला त्या कंसातल्या ओळीपाशी अडकले. तिच्याकडे येतेच, पण आधी तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. उद्या सकाळी पळायला जाऊ नकोस. परवाही नको. ती गोळी पण बंद कर. आणि हा आठवडा संपायच्या आत पाय दाखवून ये, कोणाला आणि कसा ते खाली लिहिते. हे वाचून तुझ्या पोटात गोळा आला असेल मला माहितीये, कारण मी स्वतः स्पोर्ट्स फिजिओ आहे, सतरा वर्षं हेच काम करतेय, आणि भरती निघणार अशी नुसती कुणकुण लागली तरी माझ्याकडे येणाऱ्या पोरापोरींची गर्दी वाढते, आणि जवळपास प्रत्येकजण दारातून आत येताना हाच चेहरा घेऊन येतो की आता ही बाई मला बस म्हणणार.

तर ऐक. तू दोनच रस्ते धरलेस, पळायचं किंवा थांबायचं. आमचं सगळं काम या दोघांच्या मधल्या जागेत चालतं. किती पळायचं, कशावर पळायचं, किती दिवसाआड, पळणं बंद असेल तेव्हा दम कसा टिकवायचा, पोटरी किती भार झेलू शकते आणि हे सगळं दर आठवड्याला थोडं थोडं कसं वाढवायचं. तुला आत्ता पळू नको म्हणतेय ते नडगीत नक्की काय झालंय हे कळेपर्यंत. ते कळलं की परत पळायला लावायचं कामही आमचंच आहे, आणि खरं सांगू, त्याच कामात आम्हाला सगळ्यात जास्त आनंद असतो.

नडगी दुखण्याचे दोन प्रकार आमच्याकडे सारखे येतात. एक म्हणजे सगळे ज्याला शिन स्प्लिंट म्हणतात ते. यात नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या अर्ध्या भागात, लांबच्या लांब पट्टा दुखतो, चार बोटं किंवा त्याहून जास्त. पळायला लागलं की दुखतं, अंग गरम झालं की जरा बरं वाटतं, थांबल्यावर परत ठणकतं. त्रासदायक आहे पण घाबरायचं कारण नाही, भार कमी करून आणि पोटरी मजबूत करून बरं होतं. दुसरं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला गेलेली केसासारखी बारीक चीर. त्यात दुखणं पसरलेलं नसतं, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत एकवटलेलं असतं, बोट ठेवलं की माणूस उडतो, पळत राहिलं तर वाढतच जातं, मग चालताना, जिन्यात आणि कधीकधी रात्री पडल्या पडल्या सुद्धा. पत्रावरून निदान होत नसतं आणि मी ते करतही नाहीये, पण एक जागा, बोट सहन न होणं, जिन्यात कळ, हे तिन्ही एकत्र घेऊन कोणी माझ्यासमोर आलं असतं तर मी त्याच दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे पाठवलं असतं. आणि एक लक्षात ठेव, एक्स-रे नॉर्मल आला म्हणून लगेच बूट चढवू नकोस. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यात ही चीर एक्स-रेत बऱ्याच वेळा दिसतच नाही, एमआरआयमधे लवकर दिसते, त्यामुळे कधीपासून दुखतंय आणि कसं वाढत गेलं हे डॉक्टरांना नीट तारखेनिशी सांग. दुखणारी जागा नडगीच्या अगदी पुढच्या धारेवर मधोमध असेल तर तेही आवर्जून सांग, तिथली चीर भरून यायला फार हट्टी असते.

आता हे झालं कसं. हाड जिवंत असतं, त्याच्यावर नवीन भार आला की ते आधी जुना माल खरडून काढतं आणि मग त्या जागी नवीन, जास्त पक्का माल भरतं. खरडायला काही आठवडे लागतात, भरायला काही महिने. बागायतदाराच्या मुलीला हे मी काय समजावणार. एप्रिलची खरड छाटणी झाल्यावर बाग कशी बोडकी दिसते, तेव्हा कोणी तिच्याकडे घड मागतं का? काड्या तयार व्हायला वेळ देतात आणि माल धरतात तो ऑक्टोबर छाटणीनंतर. तू जूनमधे शून्यावरून एकदम रोज ८-१० किलोमीटर सुरू केलंस, म्हणजे पाचव्या-सहाव्या आठवड्यात तुझं हाड बरोबर त्या बोडक्या बागेसारखं झालं होतं, आणि नेमकं तेव्हाच वर पायऱ्या आल्या. पळताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायात येतो आणि एका किलोमीटरला एका पायाची पाचशेच्या आसपास पावलं पडतात, आता तूच गुणाकार कर. तुझी जिद्द कुठे कमी पडली नाही, भरायला वेळ मिळाला नाही एवढंच झालं.

कविता राऊतचं उदाहरण सर देतात ते चांगलंच आहे, नाशिकच्या प्रत्येक पळणाऱ्या मुलीला तिचा अभिमान हवाच, २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला तिने ब्राँझ घेतलं तेव्हा अख्खा जिल्हा नाचला होता. पण तिच्या गावच्या, सावरपाड्याच्या चढ-उतारावर लहानपणापासून चाललेले, पळलेले ते पाय आहेत गं. तिचं हाड वर्षानुवर्षं भरत आलं. तिचं नाव घेऊन तीन महिन्यांच्या पायाला तेच मागणं बरोबर नाही.

आता ती कंसातली ओळ. तू ती शेवटी आणि कंसात लिहिलीस म्हणजे तुलाही कुठेतरी खटकलंय. पळणाऱ्या मुलींचं असंच होतं हे मी शेकडो वेळा ऐकलंय, आणि हे बऱ्याच जणींचं होतं हे खरं असलं तरी ते ठीक आहे असा त्याचा अर्थ नाही. शरीराला मिळणारं अन्न आणि व्यायामात जाणारी ताकद यांचा मेळ बसला नाही की शरीर खर्च कापायला लागतं आणि पहिल्या फटक्यात ज्या गोष्टी बंद होतात त्यातली एक म्हणजे पाळी. पाळी थांबते म्हणजे इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, आणि हे इस्ट्रोजेनच बायकांच्या हाडांची राखण करतं. म्हणजे तुझी नडगी आणि तुझी पाळी हे दोन वेगळे त्रास नसावेत, एकाच दुखण्याची दोन टोकं असावीत अशी मला दाट शंका आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मधे याला रेड-एस असं नाव दिलं आणि आता जगभरचे बरेच स्पोर्ट्स डॉक्टर मुलींना नडगी दाखवायला आल्या की पाळीबद्दल विचारतात. आपल्याकडे अजून फारसं कोणी विचारत नाही आणि मुली सांगत नाहीत, त्यात समोर पुरुष डॉक्टर असला तर नाहीच.

तू पत्रात अजून एक सांगितलंस, सकाळी चहा आणि दोन बिस्किटं खाऊन पळायला जातेस, वजन वाढू नये म्हणून रात्रीचा भात बंद केलाय, सोमवारचा उपवास चालू आहे. बाळा, १० किलोमीटर चहा-बिस्किटावर? भात परत सुरू कर. पळायला जायच्या आधी एखादं केळं किंवा दोन खजूर, आल्यावर तासाभरात काहीतरी पोटभर, आत्याच्या घरी जे असेल ते, भाकरी आणि मटकीची उसळ, अंडी चालत असतील तर अंडी, मुठभर शेंगदाणे-गूळ, दूध. नाचणीची भाकरी किंवा आंबील आठवड्यातून तीन-चारदा कर, १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं आणि ती आपल्या जिल्ह्यातच पिकते. पाय बरा होईपर्यंत उपवास बाजूला ठेव, महादेव समजून घेईल. आणि पाळी तीन महिने झाली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवणं टाळू नकोस, खरं तर तुझी नडगी बघता मी दोन महिन्यांवरच जा म्हणेन, कारण थायरॉइड, पीसीओडी अशी दुसरीही कारणं असू शकतात, ती आधी बघायला हवीत. व्हिटॅमिन डी पण तपासून घे.

फिजिओबद्दल तुझ्या मनात जे आहे ते तुझ्या एकटीच्या मनात नाही. लकवा झालेल्या आजोबांना चालवायचं कामही आम्ही करतो आणि ते फार मोठं काम आहे. पण क्रिकेटच्या मॅचमधे बॅट्समनच्या बोटाला बॉल लागला की बॅग घेऊन धावत आत येतो ना, तो पण फिजिओच. कॅनडात या कामाला ॲथलेटिक थेरपिस्ट म्हणतात, अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनर, आणि तिकडे बऱ्याच शाळा-कॉलेजच्या टीमबरोबर असा माणूस ग्राउंडवरच असतो. दुखापत होऊ नये म्हणून तयारी करून घ्यायची, झालीच तर जागेवर सांभाळायचं, आणि मग खेळाडूला टप्प्याटप्प्याने परत मैदानात उभं करायचं. आपल्याकडे हे सगळं स्पोर्ट्स फिजिओ करतो. आणि मोठ्या प्लेअरला त्याची जितकी गरज आहे त्यापेक्षा तुला जास्त आहे असं माझं ठाम मत आहे, त्यांच्याभोवती दहा माणसं असतात, तुझ्याभोवती एक शिट्टी आणि एक गोळीची स्ट्रिप आहे.

माझ्याकडे तू आलीस असं धर. पहिली वीस मिनिटं मी तुझ्या पायाला हातही लावणार नाही, नुसती विचारत बसेन. जूनपासून कोणत्या आठवड्यात किती पळालीस, रस्ता की माती, झोप किती, काय खातेस, पाळी, आधी कधी पाय मुरगळला होता का. मग तुझे बूट उलटे करून बघेन, टाच कुठून झिजलीय ते. मग अंगठ्याने नडगीच्या आतल्या कडेने घोट्यापासून वर एक एक बोट दाबत जायचं आणि दुखलं की बॉलपेनने तिथे टिंब करायचं. पाच-सहा टिंबांची रेघ झाली तर एक गोष्ट, एकाच जागी टिंबावर टिंब आलं तर दुसरी. तसं आलं तर मी पुढच्या कुठल्याच उड्या मारायला लावत नाही, तिथेच थांबून चिठ्ठी लिहिते आणि डॉक्टरांकडे पाठवते. नसेल तर मग भिंतीला हात लावून एका पायावर टाचा उचलायच्या आणि मोजायचं. नेहमी पळणाऱ्या माणसाला एका पायावर सलग पंचवीसच्या आसपास जमायला हव्यात, आणि भरतीची पोरं येतात ती बऱ्याचदा दहा-बाराला थरथरायला लागतात, मग तेच विचारतात, मॅडम एवढं पळतो तरी असं कसं? पोटरी नुसती पळून मजबूत होत नाही, आणि पोटरी थकली की जास्त भार नडगीच्या हाडावर जातो, ते एवढं साधं आहे. मग एका पायावर अर्धं बसवून बघायचं गुडघा आत पडतो का. आणि शेवटी, पाय परवानगी देत असेल तर, गल्लीत पळायला लावून मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ. बहुतेकांची पावलं फार लांब आणि फार कमी पडतात, पाऊल जरा आखूड आणि मिनिटाला पाच-दहा टक्के जास्त टाकलं की नडगीवरचा मार कमी होतो, हे त्या व्हिडिओत दाखवलं की लगेच पटतं.

मशीन असतात, नाही असं नाही, दुखणं कमी करायला मी पण कधी लावते. पण जो फक्त मशीन लावतो, दहा दिवसांचं पॅकेज घ्या म्हणतो आणि एकही व्यायाम शिकवत नाही, तिथून उठून ये, पैसे वाचव. जायच्या आधी फोन करून फी विचार, त्यात लाज नाही. बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी झालेला असावा, स्पोर्ट्समधे एमपीटी, म्हणजे त्याच्या पुढची पदवी असेल तर उत्तम, आणि राज्याच्या परिषदेकडे नोंदणी असावी, ती विचारायचा तुला हक्क आहे. गंमत बघ, दिंडोरी रोडला म्हसरूळलाच आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे ना, राज्यभरच्या पोरांना बीपीटीची डिग्री तेच देतं, आणि तू त्याच रस्त्यावर रोज पाय दुखवत पळतेस. खाजगी परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यात किंवा फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत जा, तिथे फार कमी पैशात काम होतं आणि शिकाऊ मुलं वेळ देऊन बघतात, वर त्यांचे सर असतातच.

गोळीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. दुखणं हा शरीराचा निरोप आहे, गोळीने निरोप बंद होतो, चीर बंद होत नाही. रिकाम्या पोटी आणि घामाने पाणी गेलेलं असताना या गोळ्या पोटाला आणि किडनीला पण त्रास देतात. बर्फाने दहा-पंधरा मिनिटं बरं वाटतं, लाव हवं तर फडक्यात गुंडाळून, पण त्याने हाड भरत नाही.

आजीवर रागावू नकोस, मायेनेच नेलं तिने. मी नववीत असताना खो-खो खेळायचे, तालुक्याच्या मॅचमधे खांबाला वळताना घोटा मुरगळला, आणि गावातल्या एका चोळणाऱ्या माणसाने गरम तेलाने तो असा रगडला की माझ्या डोळ्यापुढे अंधारी आली. तिसऱ्या दिवशी पट्टी बांधून मॅच खेळले. त्यानंतर दोन वर्षात तोच घोटा चार वेळा मुरगळला आणि खो-खो सुटला तो सुटलाच. पुढे कॉलेजमधे शिकताना कळलं की मला रोज पाच मिनिटं एका पायावर तोल सांभाळायचा व्यायाम कोणी दिला असता तर बहुधा खेळत राहिले असते. ते कळलं त्या दिवशी मी होस्टेलवर येऊन रडले होते, अजून आठवतं. म्हणून घोट्यावाल्या वाचकांसाठी इथेच सांगून टाकते, मुरगळल्यावर चार पावलं सुद्धा टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखत असेल तर आधी एक्स-रे काढा, चोळायला देऊ नका, आणि सूज उतरली म्हणजे झालं असं समजून तोलाचे व्यायाम सोडू नका.

आता सर. सर वाईट आहेत असं मला वाटत नाही, साठ पोरं आणि एक माणूस, त्यांना प्रत्येकाची नडगी कुठे बघता येणार. पण त्यांना न सांगता लंगडत पळण्यापेक्षा डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेऊन सरळ सांग, "सर, एवढे आठवडे पळणं बंद सांगितलंय, तोपर्यंत गोळाफेक आणि लेखीचं करते, ग्राउंडला रोज येईन." रोज येईन हे वाक्य महत्त्वाचं आहे, त्यांना पळपुटेपणा वाटत नाही आणि तुलाही एकटं पडल्यासारखं होत नाही.

आणि खरंच गणित बघ ना. मैदानी ५० मार्कांची, त्यात ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळ्याला १५, वर लेखी १०० ची. पाय बंद म्हणजे तयारी बंद असं कुठे आहे? साधं स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं तर साधारण सहा ते आठ आठवडे पळणं बंद असतं, शिन स्प्लिंट निघालं तर त्याहून कमी. तेवढ्यात ४ किलोच्या गोळ्याचं टेक्निक बसून टाकत घोटवता येतं, खांदे आणि पोट-पाठ मजबूत करता येतात, आणि खरं तर मुली गोळ्याकडे दुर्लक्षच करतात. दम टिकवायला डॉक्टरांनी हो म्हटलं की सायकल, नाहीतर महापालिकेच्या तलावात पोहणं, पोहता येत नसेल तर छातीभर पाण्यात पळल्यासारखं करायचं, पायावर भार बराच कमी येतो आणि धाप चांगली लागते.

परत पळताना घाई नको. आधी अर्धा तास झपाझप चालून काहीही दुखत नाही असे सलग काही दिवस जायला हवेत, दाबून पण दुखायला नको. मग एक मिनिट हळू पळणं आणि चार मिनिटं चालणं, असं पाच-सहा वेळा, दिवसाआड. मग दोन आणि तीन. आधी अंतर वाढवायचं, वेग नंतर, पायऱ्या सगळ्यात शेवटी. हाडाला चीर होती तर पळताना दुखणं शून्य पाहिजे. नुसतं शिन स्प्लिंट होतं तर दहापैकी दोन इतपत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते गेलेलं हवं, नसेल तर आदल्या टप्प्यावर यायचं. आणि हे पण विचार सरांना, ८०० मीटरसाठी रोज सकाळी डांबरावर १० किलोमीटर कशासाठी? आठवड्यातून तीन-चार दिवस पळणं, त्यातला एक दिवस वेगाचा, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि जमेल तेव्हा जॉगिंग ट्रॅकवर किंवा मऊ जमिनीवर, एवढ्यात ८०० ची चांगली तयारी होते. हे माझं मत आहे, पण बऱ्याच पोरींवर बघून झालेलं मत आहे.

तारीख मधेच लागली तर? हा प्रश्न तू विचारला नाहीस पण रात्री झोपताना तोच येत असणार. भरलेली चीर असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर जा, कमी सरावाने का होईना पळ. न भरलेल्या चिरेवर गोळी खाऊन ८०० मीटर फुल स्पीडला पळालीस तर तीच चीर आरपार जाऊ शकते, मग प्लास्टर, कदाचित ऑपरेशन आणि वर्ष हातचं जातं. तू २२ ची आहेस, खुल्या गटाला पण २८ पर्यंत मुदत आहे. कुस्तीपटू विनेश फोगाट २०१६ ला रिओत गुडघा निखळून स्ट्रेचरवरून बाहेर गेली आणि २०१८ ला जकार्ताला एशियाडचं गोल्ड घेऊन आली, तिलाही दुखापतीतून टप्प्याटप्प्यानेच परत यावं लागलं.

बाकीच्या वाचकांसाठी दोन ओळी, कारण पावसाळा संपला की अंजनेरी-ब्रह्मगिरी चढणारे आणि हिवाळ्याच्या मॅरेथॉनवाले यांची पण पत्रं येतील. जे काय करताय ते एकदम दुप्पट करू नका, तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात कमी करा. आठवड्यातून दोनदा एका पायावर टाचा उचलणं, अर्धी बैठक, एका पायावर तोल, वीस मिनिटं पुरतात. फुटबॉलमधे फिफाने अशाच वीस मिनिटांच्या वॉर्म-अपचा कार्यक्रम बनवलाय, इलेव्हन प्लस नावाचा, तो नियमित करणाऱ्या टीममधे दुखापती बऱ्याच कमी झालेल्या आहेत आणि त्याला बॉल सोडून काही लागत नाही, अकॅडमीवाल्यांनी जरूर बघावा. पळताना पोटरी दगडासारखी घट्ट होऊन पाऊल बधिर पडत असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, ते अंगावर काढू नका, डॉक्टर गाठा.

आणि वडील. तू सांगितलं नाहीस कारण ते परत ये म्हणतील. म्हणतील सुद्धा कदाचित. पण एमआरआयचा खर्च निघाला तर तू एकटी कुठून आणणार आहेस, आणि आत्याला जिन्यात तुझं लंगडणं दिसत नसेल असं वाटतं का तुला? सध्या छाटणीची गडबड असेल, दिवसा फोन करू नकोस, रात्री जेवणं झाल्यावर कर. पाय दुखतोय एवढंच म्हणालीस तर ते घाबरतील, त्यापेक्षा खरड छाटणीची गोष्ट सांग, हाड बोडकं असताना मी माल धरायला गेले, आता दोन महिने काड्या भरू द्यायच्यात, डॉक्टरांची तारीख अमुक आहे आणि तोपर्यंत मी हे हे करणार आहे. मुलगी रडत फोन करते आणि मुलगी ठरवून फोन करते यात बापाला फरक कळतो. आत्याला डॉक्टरकडे बरोबर ने, पाळीचं बोलताना एक बाई शेजारी असली की बरं पडतं.

जाताना एका कागदावर जूनपासून आठवड्याला किती पळालीस ते आठवून लिही, शेवटच्या पाळीची तारीख लिही, कोणती गोळी किती दिवस खाल्लीस ती स्ट्रिप घे, आणि ते पळायचे बूट पिशवीत टाकून ने. पायात चप्पल घाल. रिपोर्ट आला की मला परत लिही, मी वाट बघतेय.